दमदार माणूस पाहिजे

माझं लग्न जमलं ते नवऱ्याच्या छातीवर. जमीन बेताची, घर पत्र्याचं, शिक्षण दहावीपर्यंत जाऊन परत आलेलं. पण मध्यस्थी करणारे मामा आमच्या ओट्यावर मांडी ठोकून म्हणाले, "पोराचा दम बघा, दम! हिरीत उतरला की वरची मानसं तंबाखू मळत्यात, खात्यात, थुकत्यात, तवा कुठं ह्यो वर येतो." माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या अंगाला. विहिरी आमच्याकडंही होत्या. पण जावई पाण्याखाली किती वेळ राहतो यावर कुणी पोरगी दिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. वडिलांना मात्र ते पटलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी बारावी शिकलेली मी काय सांगणार होते? पाण्याखाली राहणारा नवरा नको म्हणून?

सासर वरवंडच्या पुढं, हायवेपासून आत. आमचं धनगरांचं घर. आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं होती. मग कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. घरात सासूबाई, आमचे हे, धाकटा दीर आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि दिराला भावजी. मी आल्यावर घरात बोलणारं माणूस आलं, असं आत्याबाई कौतुकानं सांगायच्या. पुढं तेच वाक्य त्या कपाळावर हात मारून सांगायला लागल्या.

मामा थापा मारत नव्हते, हे मला लवकरच कळलं. विहिरीतल्या पंपाच्या पाइपाला खाली तळात फुटव्हॉल्व्ह असतो. त्यात गाळ-शेवाळ अडकलं की मोटार नुसती ओरडते, पाणी चढत नाही. पाइप वर ओढून काढायचा म्हणजे दोरखंड आले, माणसं आली, अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा आमच्या ह्यांना निरोप धाडणं सोपं. हे जायचे, शर्ट काढून झाडाला अडकवायचे, काठावर उभं राहून छाती भरून घ्यायचे आणि डोकं खाली करून सूर मारायचे. तळाशी जाऊन हातानं व्हॉल्व्ह साफ करायचे. वर आले की तोंड आ करून श्वासाचा असा हबका मारायचे, की काठावरच्या शेळ्या बिचकायच्या. मग मोटार चालू, पाटात पाणी आणि मोठ्या बागायतदाराच्या ओट्यावर ह्यांना चहा. एरवी आमच्यासारख्यांना त्या ओट्यावर चहा मिळायचा तो उभ्यानं. दमामुळं ह्यांना खुर्ची मिळायची. माणूस कशानं फुगेल सांगता येत नाही. आमचे हे श्वासानं फुगले होते, आणि त्यांच्यामागं बायको म्हणून मीही.

नव्वदीच्या सालांत हायवेच्या पलीकडं एमआयडीसी झाली. तशी ती माझ्या माहेराकडंही झाली, रांजणगावला. पण तिकडं म्हणे टीव्ही बनायचे, फ्रीज बनायचे. माहेरी गेलं की भावजया सांगायच्या, कंपनीत पोरांना इस्त्रीचा ड्रेस असतो, कँटीनमध्ये पंखा असतो. आमच्या वाट्याला केमिकल आलं. सासरचं नशीब, दुसरं काय!

ठेकेदाराचा सुपरवायझर माणसं गोळा करायला गावात आला, तो त्याच बागायतदाराच्या ओट्यावर टेकला. तिथं ह्यांची कीर्ती त्याच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी जीप आमच्या दारात.

"दम किती वेळ धरता?" त्यानं विचारलं.

"घड्याळ लावून न्हाई बघितलं."

"मग या कंपनीत. आपल्याला असाच दमदार माणूस पाहिजे."

"काम काय?"

"काही नाही हो. व्हॉल्व्ह बघायचे."

"व्हॉल्व्ह व्हय!" ह्यांचा चेहरा खुलला. "मग घरचंच काम म्हना की."

त्या कंपनीत क्लोरीन गॅस लागायचा. तो पिवळ्या रंगाच्या आडव्या टाक्यांतून यायचा, त्यांना तिथं टनर म्हणायचे. शेडमध्ये ओळीनं म्हशी बसाव्यात तसे ते पडलेले असायचे. त्यांच्या व्हॉल्व्हला, कुठल्यातरी सांध्याला गळती लागायची, आणि आत शिरून ती बंद करायची हे आमच्या ह्यांचं काम. आता तुम्ही म्हणाल, मास्क नव्हते का? होते की! खोटं कशाला बोलू? काचेच्या कपाटात होते, पाहुण्यांना दिसतील असे टांगलेले. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडं, आणि गॅस काही त्याची ड्युटी बघून गळायचा नाही.

मग हे काय करायचे? शेडच्या दाराबाहेर उभं राहून छाती भरून घ्यायचे, डोकं खाली घालून आत घुसायचे, पान्यानं व्हॉल्व्ह आवळायचे आणि बाहेर पडायचे. अगदी विहिरीसारखं. अंग ओलं होत नाही, एवढाच काय तो फरक.

घरी आले की मजेनं सांगायचे. "बाकीची पोरं पळत्यात, आन् मी आत! सायेब म्हनला, तू आदमी हाय का मासा?" भावजी समोर बसून डोळे मोठे करून ऐकायचे. त्यांना बारावीनं दोनदा परत पाठवलं होतं, आणि शेतात त्यांचं मन रमत नव्हतं. "दादा, मला बी लावा की तिथं," हे त्यांचं पालुपद. "लावू, लावू," हे म्हणायचे. "आदी मी पर्मनंट हुतो, मग तुला वढतो." पर्मनंट हा शब्द आमच्या घरात देवाच्या खालोखाल घेतला जायचा.

पहिल्याच वर्षी कंपनीत सुरक्षा सप्ताह झाला. मांडव घातला, फलक लावला, मोठ्या साहेबांनी हिंदीत भाषण केलं, मास्क लावल्याशिवाय कुणी आत जाऊ नका म्हणून हात जोडून सांगितलं. आणि त्यानंतर, मास्क न लावता आत जाऊन गळती थांबवल्याबद्दल आमच्या ह्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि प्रेशर कुकर. टाळ्या किती वाजल्या म्हणून सांगू! मांडवातल्या एकालाही हसू आलं नाही. कुकर चांगला होता, शिट्ट्या जोरात द्यायचा. आत्याबाईंनी महिनाभर त्यात कुणालाही काही शिजवू दिलं नाही, नुसता फळीवर ठेवला.

गॅस लागला की कंपनीतून गूळ मिळायचा. आमच्या भागात गुऱ्हाळं पैशाला पासरी, त्यामुळं गुळाला काही तोटा नव्हता. गूळ खाल्ला की छातीतला गॅस पोटात उतरतो आणि पुढचं पोट बघून घेतं, असं सुपरवायझरचं शास्त्र. आत्याबाईंचं शास्त्र वेगळं, त्या नाकात तूप सोडायच्या. मी म्हटलं, "अहो, छाती कुठं, पोट कुठं, नाक कुठं! डॉक्टरला तरी दाखवा." तर हे गुळाचा खडा गालात धरून म्हणाले, "तुला समदं इंग्लिस लागतं." आणि बोलता बोलता असा खोकला आला की खडा अंगणात उडाला. कोंबडीनं तो टिपला. कोंबडीला काही झालं नाही.

कपड्यांची तर दशाच व्हायची. निळा शर्ट नेला की काही दिवसांत त्यावर पांढरे डाग, मग डागांवर निळा शर्ट. बटणांना गंज, पट्ट्याच्या बकलाला गंज. मी एकदा शर्ट दोरीवर धरून म्हटलं, "कापडाचं हे होतंय, तर आत तुमचं काय होत असेल?" हे म्हणाले, "कापडाला कुठं दम धरता येतो!"

आता माझी गंमत ऐका. मी तेव्हा गावात अंगणवाडी चालवायची. गढूळ पाण्याचे दिवस आले की घरोघरी क्लोरीनचे थेंब वाटायचे आणि माठात कसे टाकायचे ते दाखवायचं, हे माझंच काम. म्हणजे घरात ज्याच्या नावानं बोटं मोडायची, दारोदार त्याचंच गुणगान गायचं. क्लोरीन टाका, जुलाब टाळा! बाया नाक मुरडायच्या, पाण्याला वास येतो म्हणायच्या. एकदा एक म्हातारे आप्पा माठावर हात ठेवून बसले.

"पोरी, ह्योच वास तुझ्या मालकाच्या अंगाला येतो. ह्यो चांगला हाय, तर मग त्यो का खोकतो?"

"आप्पा, थेंब वेगळा आणि टनर वेगळा."

"म्हंजी थोडं इख चालतं?"

"आप्पा, भाजीत मीठ चिमूटभर घालता का पोतंभर?"

आप्पांनी हात काढला. गावाला पटवणं सोपं होतं. पोतंभर मीठ खाणारा माणूस माझ्या घरात होता, आणि त्याला मी पटवू शकत नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ह्यांच्या नाकाचं मला दुधामुळं कळलं. एकदा चुलीवर दूध ठेवून मी गोठ्यात गेले. हे शेजारीच पाटावर बसलेले. परत आले तर दूध उतू जाऊन, आटून, करपून पातेल्याचा कोळसा, घरभर धूर आणि हे शांतपणे दाढी करतायत. "अहो, वास येत नाही का?" "कसला?" मला वाटलं चेष्टा करतायत. मग मी लसूण ठेचून नाकाशी धरला, रॉकेलचा बोळा धरला. शेवटी म्हणाले, "न्हाई गं. काहीच न्हाई." आणि मग, "बरंच झालं. आता शेडमधी तरास न्हाई हुनार." वाघ येतोय हे ओरडून सांगणारा राखणदार मेला, आणि मालक म्हणतोय बरं झालं, आता झोप मोडणार नाही!

दम कमी झाला हे मात्र गावाला बरीच वर्षं कळलंच नाही, कारण तेवढ्यात पाणबुडी मोटारी आल्या. फुटव्हॉल्व्ह गेला, सूर मारणं गेलं, ह्यांना निरोप येणं बंद झालं. लोक म्हणायचे, "मशीन आली आन् एका हुन्नरी मानसाची कदर गेली." हेही मान हलवायचे. मला एकटीला माहीत होतं, की आता कुणी बोलावलं असतं तरी हे कमरेइतक्या पाण्याच्या पुढं गेले नसते. बांधावरून चालताना हे मधेच थांबायचे आणि वाकून चप्पल नीट करायचे. पुढं गेलं की परत चप्पल. एवढी चप्पल कुणाची बिघडते? मी नवीन चप्पल आणून दिली, तरी बिघडायची. हे वाकायचे आणि मी उसाकडं बघत उभी राहायची. दोघंही नाटक करत होतो.

पुढं दोन हजारच्या सुमाराला कंपनीनं काही माणसं पर्मनंट करायचं काढलं. ह्यांचं नाव वर होतं. आधी मेडिकल होणार होती, आणि त्यात एका नळीत जोरानं फुंकायचं असतं, असं कुणीतरी सांगितलं. झालं! हे फुंकायची प्रॅक्टिस करायला लागले. कशावर? आमच्या चुलीवर. रोज सकाळी माझ्या हातातली फुंकणी काढून घ्यायचे आणि जाळ करायला बसायचे. आत्याबाई दारोदार सांगत सुटल्या, "आमचं लेकरू बायकूला चूल पेटवू लागतं." शेजारणी माझ्याकडं हेव्यानं बघायच्या. आणि मी बघायची, की हे दोन फुंका मारून भिंतीला टेकतात, आणि जाळ शेवटी मीच करते.

मेडिकलच्या दिवशी पुण्याहून कंपनीचा डॉक्टर आला. मी गेटबाहेर लिंबाखाली बसले होते. हे बाहेर आले ते तोंड उतरवून.

"काय झालं?"

"काटा हाललाच न्हाई. डॉक्टर म्हनला, अहो, जोर लावा, बाई फुंकते एवढं तरी फुंका."

"मग?"

"मग इचारलं, जात कुठली. म्हटलं धनगर. तर म्हनला, मग बरोबर आहे. मेंढरांच्या लोकरीमुळं होतं असं. घरी चूल हाय का म्हनला. म्हटलं हाय. मग म्हनला, दोन्ही मिळून झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजेसासऱ्यांची मेंढरं विकली तेव्हा हे जन्माला यायचे होते. ती मेंढरं कधीच कुणाच्या रश्श्यात जाऊन जिरली. आणि त्यांची लोकर म्हणे ह्यांच्या छातीत! आणि चूल म्हणजे कोण? चूल म्हणजे मी. कंपनी सुटली, आणि मेंढरं अन् मी अडकलो. "तुम्ही गॅसचं का नाही सांगितलं?" मी ओरडले. गेटवरचा वॉचमन बघायला लागला. हे म्हणाले, "त्यांनी इचारलंच न्हाई." म्हणजे ज्या शेडमध्ये ह्यांना पाठवायचे तिथल्या गॅसबद्दल कंपनीच्या डॉक्टरला ह्यांनी आपणहून कळवायला पाहिजे होतं. चुकलंच की!

संध्याकाळी सुपरवायझर घरी आला. आला तो पेढे घेऊन, म्हणजे बातमी वाईट आहे हे मी ओळखलं. म्हणाला, हे अनफिट निघाले, कंपनीचा नाइलाज आहे. पण कंपनीला माणुसकी आहे. ह्यांच्या जागी घरातला दुसरा माणूस घेऊ, धाकट्या भावाला घेऊ, तो तर दमाला ह्यांच्याहूनही वरचढ आहे असं गावात ऐकलंय. पुढं पर्मनंटही करू. "फक्त एक. बाहेर बोंबाबोंब नको. ह्या डॉक्टरकडं जा, त्या पेपरवाल्याकडं जा, असलं काही नको." हे मान डोलावून म्हणाले, "न्हाई, न्हाई, असलं काय न्हाई." भावजींनी तर पेढा सुपरवायझरच्या तोंडात घातला. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मी भांडी आपटत होते, पण भांड्यांचं कोण ऐकतं?

तरी मी ह्यांना पुण्याला नेलंच. माहेरी काम आहे सांगून निघाले, आणि एसटी बदलून सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. चेहरा दमलेला, पण कान शाबूत. तिनं छाती ऐकली, एक्स-रेचा फोटो बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुठल्या गॅसमध्ये काम करता?" मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी घडाघडा सांगायला लागले, क्लोरीन, टनर, दम धरून आत जाणं, सगळं.

ती ऐकून म्हणाली, "आत दम धरत असतील. पण बाहेर आल्या आल्या काय करतात?"

"आल्या आल्या? मोठा श्वास घेतात की! विहिरीतून वर आल्यावर घेतात तसा."

"दारातच?"

"दारातच."

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, दारातून जमिनीलगत बाहेर येतो. डोकं खाली घालून आत जायचं, आणि बाहेर दारात तोंड उघडून छाती भरून घ्यायची, म्हणजे साधा माणूस घेणार नाही एवढा गॅस हा एका श्वासात घेतो. "ज्याचा दम मोठा, त्याचा घोटही मोठा," ती म्हणाली. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते.

मग ती म्हणाली, "हे मी लिहून देते. म्हणजे तुम्हाला कंपनीकडून दाद मागता येईल. पण यांनी स्वतः सांगायला पाहिजे. बोला, कंपनीत गॅस गळतो ना?"

आणि माझा नवरा म्हणाला, "न्हाई मॅडम. मी शेती करतो. ही कायबी बोलती. आमच्या घरी पैल्यापासून मेंढरं हायत."

मी उठून उभीच राहिले. "अहो, कुणासमोर काय बोलताय! कुठली मेंढरं? दाखवा एक मेंढरू!" ह्यांनी माझ्या पायावर पाय दाबला. डॉक्टरीण म्हणाली, "ताई, पेशंटला बोलू द्या." बोलू द्या! आयुष्यभर मी बोलले, आणि जिथं बोलून उपयोग होता तिथं बोलायचा हक्क ह्यांचा निघाला. तिनं तोंडात मारायचा पंप लिहून दिला, धुळीत जाऊ नका म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. परतीच्या एसटीत कासुर्डी गेली, यवत गेलं. मग हे हळू आवाजात म्हणाले, "धाकट्याचं कल्यान हुतंय, त्यात माती कालवू?" मी खिडकीबाहेर बघत रडले. रागानं रडले, हे स्पष्ट सांगते.

भावजींना दुसऱ्या आठवड्यात कामावर जायचं होतं. दादाचं नाव राखायचं म्हणून ते रोज दुपारी विहिरीवर दम वाढवायला लागले. कामावर जायच्या आदल्या दुपारी मी ह्यांना भाकरी घेऊन मळ्यात गेले, तर हे विहिरीच्या काठावर बसलेले. खाली पाण्यात काही दिसत नव्हतं, नुसते बुडबुडे. मग भावजी वर आले, तोंड आ केलं आणि श्वासाचा हबका मारला. मोठा, घशातून आवाज येणारा. ह्यांचे खांदे दचकले. "दादा, बघितला का!" भावजी खालून ओरडले. "किती वेळ झाला? तुमच्यापेक्षा जास्ती ना?" परत सूर, परत बुडबुडे, परत तो हबका. प्रत्येक हबक्याला ह्यांचा हात आपल्या छातीवर जात होता. मी भाकरी सोडून समोर ठेवली. ह्यांनी तिला हात लावला नाही.

सकाळी भावजी नवा शर्ट घालून, आत्याबाईंच्या पाया पडून निघाले. कंपनीची गाडी हायवेच्या फाट्यावर यायची. ते गेले, आणि हे बाजेवरून उठले, चप्पल न घालता वाटेला लागले. "कुठं निघालात?" मी मागं धावले. हे धावत होते! अंगण ओलांडतानाही मधे थांबणारा माणूस धावत होता. फाटा दिसायला लागला तोवर गाडी येऊन थांबली होती, आणि भावजी रस्ता ओलांडून पलीकडं पोचले होते. ह्यांनी तोंड उघडलं, हाक मारली. हाक कसली, फुग्यातली हवा सुटल्यासारखं काहीतरी. उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याखाली तेही विरलं. परत तोंड उघडलं आणि हे धुळीतच खाली बसले.

मग मी ओरडले. "भावजीऽ! दादाला बघाऽ!" आतडी पिळवटून ओरडले. गाडीतली माणसं बघायला लागली, चहाच्या टपरीवरची उठून उभी राहिली. भावजींनी एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला होता. तो त्यांनी काढला आणि पळत आले. त्यांच्यामागं सुपरवायझरही आला, "काय झालं, काय झालं" करत.

ह्यांनी भावाचा नवा शर्ट मुठीत धरला. ओठ निळे पडले होते. मी पंप तोंडाशी नेला, तो हातानं बाजूला केला. "जाऊ... नको," म्हणाले. "गॅस... गळतो. रोज. मेंढरं... न्हायती. गॅस." मग सुपरवायझरकडं बोट केलं आणि परत म्हणाले, "गॅस." भर रस्त्यात, गावासमोर, गाडीतल्या पोरांसमोर. सरकारी डॉक्टरणीसमोर जे तोंडातून निघालं नाही, ते इथं निघालं, आणि इथं ते लिहून घ्यायला कुणी नव्हतं. गाडीतली पोरं दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, यांना घरी न्या, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय." मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. गाडी गेली. भावजींच्या जागी पलीकडच्या वाडीतला एक पोरगा लागला. त्याला ओरडून थांबवायला फाट्यावर कुणी नव्हतं, आणि ते आठवलं की मला अजून अन्न गोड लागत नाही.

भावजींनी त्या दिवशी दादाला पाठीवर घरी आणलं आणि त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. आता त्यांचा टेम्पो आहे, कांदा वाहतात, बायकापोरं आहेत. पण राग काही गेला नाही. दादाला कसं बोलणार, म्हणून तो सगळा माझ्यावर. घरात कार्य असलं, पाहुणे जमले की सुरू होतात, "ह्या वैनीनं त्या दिशी गळा काढला नसता तर आज मी पर्मनंट असतो पीएफ असता दिवाळीला बोनस असता पोरं इंग्लिस शाळंत असती आन् हितं कांद्याच्या गोण्या उचलायची पाळी आली नसती माझ्यावर पर ह्या बाईला कुनाचं चांगलं बघवलंच न्हाई!" पाहुणे माझ्याकडं बघतात. मी मधे बोलत नाही. मी, जी कुणाला बोलू देत नाही, ती भाजी निवडत बसते आणि ऐकते, भावजी मधे कुठं श्वासाला थांबतात का ते. थांबत नाहीत. एका दमात सगळं बोलतात, आणि वर परत पहिल्यापासून सुरू करतात.

"बोलू दे... त्याला," हे बाजेवरून मला म्हणतात, आणि एवढं म्हणायला त्यांना मधे थांबावं लागतं.